जुन्या इटालियन फ्रेमला कोणता क्रँकसेट बसेल? (उजवा कप हलायला तयार नाही)

यवतेश्वर_पायी (सातारा)

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

माझ्याकडे एक जुनी स्टीलची रोड सायकल आहे. मेव्हणा बोटीवर इंजिन रूममध्ये होता. १९९१ साली त्याची बोट जिनोआ बंदरात दुरुस्तीला लागलेली असताना त्याने ती तिथल्या एका सेकंडहँड दुकानातून घेतली आणि बोटीतच दोरीने बांधून मुंबईपर्यंत आणली. चार महिने चालवली, मग त्याचं लग्न झालं आणि सायकल आमच्या माळ्यावर आली. भावाची आठवण म्हणून बायको विकू देत नाही. लॉकडाऊनमध्ये मी ती खाली उतरवली, कोळ्याची जाळी काढली, टायर बदलले आणि लागलो चालवायला.

मी ४९ वर्षांचा, वजन ७४ किलो, माध्यमिक शाळेत गणित शिकवतो. रविवारी पहाटे निघून यवतेश्वरचा घाट चढून कासकडे जावं, तलावापाशी चहा प्यावा, परत यावं, एवढीच हौस. पण मी घाट चढत नाही, ढकलतो. समर्थ मंदिर मागे पडलं की दुसऱ्या-तिसऱ्या वळणावर गुडघे बोलायला लागतात. मागच्या रविवारी एक माजी विद्यार्थी बुलेटवरून जाताना थांबला आणि म्हणाला, "सर, पंक्चर का?" मी हो म्हटलं.

पुढे ५२ आणि ४२ दातांच्या चक्र्या आहेत. मागे ७ चक्र्यांचं फ्रीव्हील, १३ पासून २३ पर्यंत. गिअरचे दांडे खालच्या नळीवर, टकटक न करणारे, अंदाजाने ओढायचे.

पुढची छोटी चक्री ३४ ची हवी, म्हणून क्रँकसेटच (पेडलचे दांडे आणि पुढच्या चक्र्या) बदलायचं ठरवलं. समोर दोन पर्याय आहेत. पुण्यात एकाकडे शिमानोचा वापरलेला अल्टेग्रा एफसी-६८००, ५२-३६, चार हजारांत मिळतोय. नाहीतर शिमानोचाच नवा क्लॅरिस, ५०-३४. दोन्ही होलोटेक दोन, म्हणजे बाहेरच्या बेअरिंगचे कप लागणार. ते कप मी आधीच मागवून ठेवले. "रोड सायकल, आटेवाली बीबी, म्हणजे बीएसए, डोळे झाकून घ्या" असं सांगणारा भेटला आणि मी डोळे झाकले. (बीबी म्हणजे बॉटम ब्रॅकेट, क्रँकचा एक्सल ज्यात फिरतो ती फ्रेममधली बेअरिंग; तिचे कप दोन्ही बाजूंनी फ्रेममध्ये आट्यांनी बसतात.)

आता गाडं अडलंय ते इथे. जुनी बीबी काढायला गावातल्या एका दुकानात गेलो. क्रँक पुलरने निघाले, डावा कप रिंगसकट सुटला. आत छर्रे होते, तीन गंजलेले. उजवा कप मात्र जागचा हलेना. दुकानदार म्हणाला, उजवीकडे उलटे आटे असतात, घड्याळाच्या दिशेने फिरवला की सुटतो. पान्याला पाइप लावून दोघांनी ओढलं. पाना सटकला, एकाचं बोट सोललं, कपाची कडा थोडी गोल झाली. मी सायकल घेऊन घरी आलो.

तर, हा कप काढायचा कसा? आणि दोन्हींतला कोणता क्रँकसेट या फ्रेमला चालेल?

केडन्स९० (कोथरूड)

सर, एवढा व्याप कशाला? जुना क्रँक परत लावा आणि त्यावरच ३४ ची चेनरिंग (पुढची चक्री) बसवा. पाच बोल्टचं काम. ऑनलाइन हजाराच्या आत मिळते. मी ५०-३४ वर सिंहगड आरामात चढतो.

छर्रेवाले काका (भोसरी)

मास्तर, पहिलं काम म्हणजे पाना खाली ठेवा. त्या कपाला आता कुणी हात लावू नका.

कोथरूडकरांचं आधी उरकतो. चक्री कुठलीही कुठल्याही क्रँकवर बसत नाही. पाच बोल्ट ज्या वर्तुळावर बसतात त्या वर्तुळाचा व्यास असतो, त्याला बीसीडी म्हणतात. ११० मिमीच्या वर्तुळावर ३४ ची चक्री बसते. १३० च्या वर्तुळावर ३८ च्या खाली जाता येत नाही, कारण दातच बोल्टवर येतात. कॅम्पाग्नोलो या इटालियन कंपनीचा जुना क्रँक असेल तर तो बहुतेक १३५ चा, तिथे ३९ वर गाडी थांबते. त्याहून जुना १४४ चा असेल तर ४१. म्हणजे ४२ काढून ३९ लावली तरी मास्तर बुलेटवाल्याला पंक्चरच सांगणार.

हे स्वतः मोजता येतं. शेजारशेजारच्या दोन बोल्टच्या मध्यापासून मध्यापर्यंत व्हर्नियर लावा. ६४.७ आलं तर ११०, ७६.४ आलं तर १३०, ७९.४ आलं तर १३५, ८४.६ आलं तर १४४. का, ते मास्तरांना सांगायला नको, पंचकोनाची बाजू आहे.

आता कपाचं. मी ३१ वर्षं एका कारखान्यात फिटर होतो. त्याआधी बापाच्या दुकानात कॉटर पिनवाल्या काळ्या सायकली खोललेल्या. अडकलेला आटा बघितला की मी पहिलं विचारतो, तुम्ही नक्की सोडवताय ना? कारण निम्म्या वेळा माणूस आवळत असतो.

बीएसए म्हणजे ब्रिटिश आट्याच्या फ्रेममध्ये उजव्या कपाला उलटे आटे असतात, हे तुमच्या दुकानदाराचं खरं. आपल्याकडे येणाऱ्या आटेवाल्या बीबीच्या बहुतेक गिअरच्या सायकली तशाच. त्याच्या हाताला तीच सवय, त्याला नावं ठेवू नका. पण सायकल जिनोआहून आली आहे. इटालियन फ्रेममध्ये दोन्ही बाजूंना सरळ आटे असतात. ती इटालियन आट्याची असेल, तर तुमच्या दोघा पहिलवानांनी पाइप लावून कप आणखी घट्ट बसवून ठेवलाय.

आता नुसतं मोजा. डावा कप निघालाय ना? मग शेलची रुंदी मोजा, म्हणजे खालच्या आडव्या नळीची, एका तोंडापासून दुसऱ्या तोंडापर्यंत. तोंडावर रंगाचे पापुद्रे असतील तर खरवडून मोजा, अर्धा मिलिमीटर तिथेच खाल्ला जातो. ६८ आली तर बीएसए, ७० आली तर इटालियन. दुसरी खूण: निघालेला डावा कप रॉकेलमध्ये धुऊन उजेडात धरा, वर आकडे कोरलेले असतील. १.३७० × २४ म्हणजे ब्रिटिश, ३६ × २४ म्हणजे इटालियन. बीएसएचा व्यास ३४.८ मिमी भरतो, इटालियनचा ३६. तुम्ही घेतलेला कप ७० वाल्या शेलला लावून बघा, धरणारच नाही, आत ढिला खुळखुळेल.

मोजून कळवा. तोवर कपाच्या कडेने गंज सोडवणारं तेल सोडत राहा, सकाळ-संध्याकाळ, आणि आतूनही, डाव्या बाजूने बोट घालून.

निफाडची स्वारी

सर, कप निघेल तेव्हा निघेल, पण त्या अल्टेग्राबद्दल आधी थांबा.

एफसी-६८०० हा शिमानोने तपासणीसाठी परत बोलावलेल्या क्रँकमधला आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये त्यांनी जाहीर केलं. अल्टेग्रा ६८०० आणि आर८०००, ड्युरा-एस ९००० आणि आर९१००, जून २०१२ ते जून २०१९ या काळात बनलेले ११ स्पीडचे (मागे ११ चक्र्यांच्या सायकलीचे) क्रँक. या क्रँकचा दांडा आतून पोकळ, दोन भाग चिकटवून केलेला असतो. तो जोड काहींमध्ये सुटतो आणि चालवताना दांडा फाटू शकतो. तुम्ही घाटात उभं राहून जोर लावणार, तिथे हे नको. दांड्याच्या आतल्या बाजूला, पेडल बसतं तिथे दोन इंग्रजी अक्षरांचा कोड असतो, त्यावरून कधीचा ते कळतं. विकणाऱ्याकडे तपासणी झाल्याचा किंवा बदलून मिळाल्याचा पुरावा असेल तर गोष्ट वेगळी. नसेल तर चार हजार काय, चारशेलाही घेऊ नका. शिमानोचे १०५ आणि त्याखालच्या मॉडेलचे क्रँक यात नव्हते, त्यांची बनावट वेगळी.

दुसरं म्हणजे तो ११ स्पीडचा आहे. तुमची साखळी ७ स्पीडची, बाहेरून ७ मिमीच्या वर रुंद. ११ ची साखळी साडेपाचच्या आसपास असते, आणि त्या क्रँकच्या दोन चक्र्यांमधली फट त्या हिशेबाने ठेवलेली असते. जाड साखळी छोट्या चक्रीवर असताना मोठीला घासत राहते, कधी दोघींच्या मध्येच तरंगते. माझ्या जुन्या सायकलवर मी १० स्पीडचा क्रँक लावून सहा महिने ती खरखर ऐकली आहे. चालतं, पण त्र्यंबकपर्यंत डोकं उठतं. क्लॅरिस ८ स्पीडचा आहे. ७ आणि ८ ची साखळी एकच. तो घ्या.

आणि ५२-३६ मध्ये छोटी ३६. तुम्हाला ३४ हवी होती ना?

यवतेश्वर_पायी

काका, तुम्ही भोसरीतून माझ्या अंगणातलं बघितलंत.

रंग खरवडून शेल मोजला: ७०.१ मिमी. व्हर्नियर शाळेच्या प्रयोगशाळेतला, विज्ञानाच्या बाईंकडून सही करून आणला. डावा कप घासल्यावर ३६ × २४ असे आकडे दिसले, दिवाळीत आपट्याची पानं सापडावीत तसे. जवळच्या दोन बोल्टमधलं अंतर ७९.४, म्हणजे बीसीडी १३५. तुमचं सूत्र मी वहीत मांडून बघितलं, व्यास गुणिले साइन ३६ अंश. दहावीच्या वर्गात परवा हेच उदाहरण घेतलं. पोरांना सायकल म्हटल्यावर त्रिकोणमिती गोड लागली.

नवा बीएसए कप लावून बघितला. खरंच खुळखुळतो.

पुण्याच्या माणसाला कोडचा फोटो मागितला. त्याने "भाऊ, असं काही नसतं" म्हटलं आणि फोन बंद केला. तो विषय संपला.

मग मास्तरकी सुटली नाही म्हणून आकडेमोड केली. टायरचा घेर ७०० × २५ चा, २.१ मीटर धरला. आत्ताचा सगळ्यात हलका गिअर ४२ ला २३, म्हणजे पेडलच्या एका फेऱ्यात ३.८३ मीटर पुढे. मिनिटाला ६० फेरे मारायचे तर वेग ताशी १३.८ किमी. सायकल ११ किलो, मी ७४, चढ ७ टक्के धरला तर त्या वेगाला साधारण २५० वॉट लागतात. माझ्याकडे एवढे नाहीत. असते तर शाळेच्या वार्षिक स्पर्धेत गोळाफेकीत तरी नंबर आला असता. उलट ३४ ला २८ असेल तर एका फेऱ्यात २.५५ मीटर, ताशी ९.२ किमी, आणि १६५ वॉट. म्हणजे माझा त्रास पुढच्या चक्रीइतकाच मागच्या २३ चाही आहे, बरोबर ना?

कप अजून आत आहे. चार दिवस तेल सोडतोय.

छर्रेवाले काका

शाबास. मास्तर, तुम्ही कारखान्यात आला असता तर मी तुम्हाला क्वालिटीत घेतलं असतं.

आधी कप. कडा गोल झाल्यात म्हणता, तेव्हा पाना विसरा. ज्याच्याकडे जमिनीला पक्का बोल्ट केलेला बेंच व्हाइस आहे असा वेल्डिंगवाला किंवा लेथवाला गाठा. दोन्ही चाकं काढा, पुढचा चिमटा काढा, नुसती फ्रेम राहू द्या. फ्रेम आडवी करा, उजवी बाजू खाली, आणि कपाच्या बाहेर आलेल्या दोन सपाट बाजू व्हाइसच्या जबड्यात कच्चून धरा. आता कप फिरवायचा नाही, फ्रेमच फिरवायची. एकाने पुढची नळी धरायची, एकाने मागचे दांडे, आणि वरून बघताना घड्याळाच्या उलट्या दिशेने सावकाश दाब द्यायचा. एवढी मोठी फ्रेम हाच तुमचा पाना. "टक्" असा आवाज येईल. तो आटा सुटल्याचा, घाबरू नका. व्हाइसमध्ये कप सरकायला लागला तर लगेच थांबा, परत पकडा. सपाट बाजू एकदा गेल्या की मग कापून काढायची वेळ येते, आणि ते काम मी दुसऱ्याच्या फ्रेमवर करत नाही.

दुसरं, तुमचं गणित बरोबर आहे आणि माझं म्हणणं असं की खर्चाची सुरुवात मागून करा. आपल्याकडे सात गिअरच्या साध्या सायकलींना १४-२८ चं फ्रीव्हील येतं, आटेवालं. कुठल्याही सायकलच्या दुकानात काही शेकड्यांत मिळतं. तुमच्या हबचे आटे इटालियन असले तरी फ्रीव्हीलच्या बाबतीत इटालियन आणि ब्रिटिश इतके जवळचे आहेत की बसून जातं. बीबीत मात्र तसं चालत नाही, तिथे १ मिमीपेक्षा जास्त फरक आहे. गिअरचे दांडे अंदाजाने ओढायचे असल्यामुळे गिअर क्लिक जुळवायची भानगड नाही. नव्या सायकलवाल्यांना हे सुख नाही.

काढताना सांभाळा. तुमच्या फ्रीव्हीलवर रेजिना लिहिलेलं असेल तर त्याला दोनच खाचा असतात आणि त्याच्याच मापाचं टूल लागतं. टूल बसवलं की एक्सलच्या नटने ते जागेवर दाबून ठेवा, मग फिरवा, अर्धा फेरा सुटलं की नट ढिला करा. नट न लावता जोर दिला की खाचा उडतात आणि फ्रीव्हील हबवर जन्मभर राहतं.

मागचा डिरेल्युअर, म्हणजे साखळी एका चक्रीवरून दुसरीवर नेणारा भाग, आखूड आहे. २८ दातांखाली वरची चक्री घासत नाही ना, ते हाताने फिरवून बघा. बहुतेक निघेल. पण ५०-३४ आणि १४-२८ मिळून एकंदर ३० दातांचा फरक होतो, आखूड डिरेल्युअर तेवढी साखळी ओढून धरत नाही. छोटी-छोटी जोडी (पुढची छोटी, मागचीही छोटी चक्री) लावली तर साखळी खाली लोंबेल. ती जोडी वापरायचीच नाही, झालं. साखळीची लांबी मात्र मोठी-मोठीवर मोजा, नाहीतर चुकून तो गिअर पडला की डिरेल्युअर उपटून येईल.

आता क्रँक. क्लॅरिस ५०-३४ घ्या, सध्याच्या क्रँकच्या दांड्याची लांबी १७० मिमी असेल तर १७० च घ्या. सोबत इटालियन कप. शिमानोच्या बीबीआर६० मध्ये बीएसए आणि इटालियन दोन्ही येतात, डबीवर इटालियन किंवा ३६ × २४ लिहिलेलं बघूनच पैसे द्या. एक्सल तोच, २४ मिमीचा. शेल २ मिमीने रुंद असला तरी कपाची जाडी त्या हिशेबाने असते, साखळीची रेघ हलत नाही. मध्ये वॉशर कोंबू नका.

बसवण्याआधी शेलच्या दोन्ही तोंडांना समांतर तासून घेतलेलं बरं. जुन्या बीबीत बेअरिंग आत होती, तिला तोंड वाकडं असलं तरी चालायचं. नव्या कपात बेअरिंग बाहेर, तोंडाला टेकून बसते. तोंड वाकडं तर बेअरिंग वाकडी, मग सहा महिन्यांत खडखड. हत्यार सगळीकडे नसतं, पुण्यात विचारा. नाहीच मिळालं तर निदान रंग आणि गंज पूर्ण काढा.

आट्यांना भरपूर ग्रीस लावा, स्टीलमध्ये ॲल्युमिनियमचा कप जातोय आणि तुमच्याकडे पावसाळा कासचा आहे. शेलच्या तळाशी छिद्र असेल तर ते बुजवू नका, सीटच्या नळीतून आलेलं पाणी तिथूनच जातं.

आणि ही एक गोष्ट फक्त इटालियनवाल्यांसाठी. उजवा पाय पेडल मारतो तेव्हा बेअरिंग फिरताना कपाला उलट्या दिशेला हळूहळू ढकलत असते. म्हणूनच इंग्रजांनी उजवीकडे उलटे आटे दिले, तिथे ती ढकल कप आवळते. इटालियनमध्ये तीच ढकल उजवा कप सोडवते. तेव्हा उजव्या कपावर ग्रीसऐवजी निळा थ्रेडलॉक लावा, किंवा नळाला गुंडाळतो ती पांढरी टेप दोन वेढे, आणि ३५ ते ५० न्यूटन-मीटरच्या वरच्या टोकाला आवळा. पहिले १०० किलोमीटर झाले की परत तपासा. इटालियन फ्रेमवर हे ज्याने केलं नाही त्याने घाटात कप हाताने आवळलेला मी बघितलाय.

क्रँकच्या डाव्या दांड्यावरची प्लास्टिकची टोपी हाताने, अगदी हलकी, बेअरिंगचा खेळ जाईल एवढीच. मग दोन बोल्ट आळीपाळीने १२ ते १४ न्यूटन-मीटर. लोक टोपीच आवळून बेअरिंग मारतात.

पुढचा डिरेल्युअर खाली घ्यावा लागेल. किती ते तुम्हीच काढा.

यवतेश्वर_पायी

एका दाताला अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिमी परीघ. त्रिज्या २.०२ मिमी. दोन दात कमी म्हणजे ४ मिमी खाली. 🙂

केडन्स९०

काका, सॉरी, मी उगाच बोललो. बीसीडी काय ते आजच कळलं. आता माझ्या कार्बन फ्रेमचंही सांगा ना. तिला आटेच नाहीत, बेअरिंग ठोकून बसवलेली आहे. मला ३० मिमी एक्सलचा क्रँक स्वस्तात मिळतोय.

छर्रेवाले काका

मास्तरांच्या धाग्यात घुसताय, थोडक्यात सांगतो. तुम्हालाही दोनच आकडे लागतील, शेलची रुंदी आणि भोकाचा आतला व्यास. रुंदी ८६.५ आणि भोक ४१ असेल तर ती बीबी८६. ती मुळात २४ मिमी एक्सलसाठी केलेली आहे. ३० मिमीचा घालायला बेअरिंग इतक्या पातळ कराव्या लागतात की आत छर्रे नावाला उरतात. घेऊ नका. ६८ आणि ४२ असेल तर बीबी३०, ६८ आणि ४६ असेल तर पीएफ३०, तिथे ३० मिमी चालेल. ८६.५ आणि ४६ असेल तर बीबी३८६, तिथेही चालेल, पण त्या क्रँकचा एक्सल तेवढा लांब आहे का बघा, ३० मिमी म्हणजे एकच लांबी नसते. स्रॅम कंपनीचा ड्यूब एक्सल म्हणजे २८.९९ मिमी, ते तिसरंच. मोठ्या भोकात छोटा एक्सल अडॅप्टरने बसतो, छोट्या भोकात मोठा बसवायचा हट्ट करू नये. मोजा, मग विचारा. आणि वेगळा धागा काढा.

यवतेश्वर_पायी (साडेतीन आठवड्यांनी)

उशिरा लिहितोय, सहामाही परीक्षेचे पेपर होते.

कप निघाला. एमआयडीसीतल्या एका लेथवाल्याकडे गेलो, त्याला वाटलं मी फ्रेम मोडायला आणलीय. मी पुढची नळी धरली, त्याच्या पोऱ्याने मागचा भाग. पहिल्या दमात काही नाही. दुसऱ्या वेळी असा आवाज झाला की मला वाटलं नळी फुटली. कप बाहेर आला तेव्हा त्याच्या आट्यात १९९१ चं इटालियन ग्रीस होतं, काळं, गुळासारखं. लेथवाल्याने पैसे घेतले नाहीत, त्याचा मुलगा माझ्याकडे नववीत आहे. आता त्याला नापास करता येणार नाही.

काकांच्या सांगण्याप्रमाणे आधी फक्त फ्रीव्हील बदललं, जुना क्रँक नवे छर्रे घालून परत लावला (कप परत बसवताना हाताला सरळ फिरला, काय समाधान वाटलं). फ्रीव्हील रेजिनाचंच होतं, टूल एका जुन्या रेसिंगवाल्या गृहस्थांनी कोल्हापूरहून एसटीने पाठवलं. ४२ ला २८ वर पहिल्या रविवारी अर्ध्याच्या वर चढलो आणि मग उतरलो. म्हणजे सायकलवरून.

मग इटालियन कप आले, क्लॅरिस लागला. पुढचा डिरेल्युअर ४ मिमी खाली घेताना त्याची पट्टी जुन्या रंगाच्या खुणेच्या बरोबर खाली आली, मधली पट्टी अजून लाल चकचकीत आहे. छोटी-छोटी जोडीवर साखळी खरंच लोंबते, आणि डिरेल्युअरच्या शेपटीला घासतेही. लावत नाही.

काल ३४ ला २८ वर कुठेही न उतरता वर गेलो. बरोबर ४७ मिनिटं लागली, मध्ये एका ट्रॅक्टरने मला ओलांडलं. पहिले १०० किलोमीटर झाल्यावर उजवा कप तपासला, सरकलेला नाही. मेव्हण्याला फोटो पाठवला. तो म्हणतो जुना क्रँक टाकू नकोस, माझ्या मुलाला भिंतीवर लावायचाय.

अजून एक. बीएसए कपांची जोडी आहे माझ्याकडे, न वापरलेली, डबीसकट. फक्त एकदा खुळखुळवून बघितलेली. शेल ६८ मिमीचा असेल त्यांनी इथेच लिहा, साताऱ्यात हातात देईन. घेण्याआधी मोजा.

निफाडची स्वारी

मोजला. ६८. दिवाळीत साताऱ्याला येतेय, ठेवा माझ्यासाठी. आणि सर, आपट्याची पानं दसऱ्याला असतात.